पांढऱ्या पातळावरची पाखरं

पहाटे कौसल्या अंगणात आली, तर दोरीवरचं लेकीचं, पायलचं, लग्नाचं पांढरं पातळ राखेचे शिंतोडे उडाल्यासारखं दिसत होतं. पेटीतला कोंदट वास जावा म्हणून काल संध्याकाळी तिनेच ते बाहेर टाकलं होतं. तिने पदर झटकला. शिंतोडे उडाले, भिरभिरले आणि पुन्हा पदरावर येऊन बसले.

बारकी पाखरं होती, नखाएवढीही नाहीत. राखाडी-तपकिरी पंख, कडेला केसांची झालर. एरवी असल्या जिवाकडे कोण ढुंकून पाहतो? पण यंदा कळंबच्या आसपास एक वावर धड राहिलं नव्हतं. हिरवंगार बोंड फोडावं, तर आत कापसाऐवजी गुलाबी अळी. ती अळी पोट भरलं की खाली मातीत कोष करते आणि याच पाखराच्या रूपाने वर येते, पुन्हा बोंडांवर अंडी घालायला. हे आता गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

कौसल्याच्या मनात नको तो शब्द आला. अपशकुन हा शब्द या घरात आजेसासऱ्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच बाहेर काढला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असताना तो तोंडातून काढायची सोय नव्हती. पण मन थोडंच शपथ घेऊन बसलेलं असतं? तिने बादली ओढली. वऱ्हाड चहाला यायच्या आत पातळ धुऊन टाकलं की मिटलं.

पण वऱ्हाड चहाला कधी उशीर करत नाही. मुकुटबनहून रात्रीच येऊन विहारात उतरलेली मंडळी दारात हजर झाली. पुढे नवरदेवाचा बाप उकंडा, मागे त्याची बहीण.

बहिणीची नजर सरळ दोरीवर गेली. "अवं बाई, हे तं बोंडअळीचे पाखरं! साऱ्या गावात जागा नाही भेटली, नवरीच्याच पातळावर बसले?" मग तिने घाईघाईने सारवासारव केली, "मी नाही मानत बरं असलं काही. पण आपल्या वावरात आधीच..." तिने भावाकडे पाहिलं.

तसं मानत कोणीच नव्हतं. तरी अंगणात वाटलेला चहा कपातच निवायला लागला. उकंडाची निम्मी कपाशी यंदा अळीने खाल्ली होती. त्याने एकदा पातळाकडे पाहिलं, एकदा नवरदेव झालेल्या संघदीपकडे. कौसल्याने बादली खाली ठेवली. आज लग्न लागेलही. पण उद्या सासरी एक बोंड किडलं तरी बोट पायलकडेच जाणार. हे बोलणं पोरीने जन्मभर ऐकायचं?

तेवढ्यात हळदीच्या अंगाने पायल बाहेर आली. पातळ बघून तीही थबकली. मग तिने बापाकडे वळून विचारलं, "बाबा, सापळ्याच्या गोळ्या कुठी ठेवल्या होत्या तुमी?"

नागोराव कान खाजवू लागला. कृषी सहायकाने वावरात लावायला कामगंध सापळे दिले होते आणि सोबत रबरी गोळ्यांची पाकिटं. गोळीला मादी पाखराचा वास असतो. त्या वासाने नर येतात आणि सापळ्यात अडकतात. उरलेल्या गोळ्या थंड जागी ठेवा, असं त्याने बजावलं होतं. घरात फ्रिज नव्हता. तेव्हा थंड म्हणजे लोखंडी पेटी, हे नागोरावने आपल्या अकलेने ठरवलं.

"पेटीत," तो पुटपुटला. "पातळाच्या घडीत. एक पाकीट फुटकं होतं वाटते."

"लग्नाच्या पातळात? कायले पण? कुठी ठेवलती तुमी तुमची अक्कल?" कौसल्या कडाडली. लाज, राग आणि सुटका, सगळं एकदमच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

पायलला मात्र हसू फुटलं. "मामाजी, हे सारे नर हायेत," ती सासऱ्याला म्हणाली. "नवरी पाहाले आले बिचारे, अन् नवरीचा पत्ताच नाही."

उकंडा पातळाजवळ गेला. बराच वेळ वाकून पाहत राहिला. "एका रातीत इतके?"

"हो," पायल म्हणाली.

"आमच्या गावात सापळे आलेच नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

कौसल्या बादली घेऊन पुढे सरसावली, व्याह्याला म्हणाली, "आत्ता धुते, इवाई. काही राहनार नाही त्याच्यावर."

उकंडा विहीणबाईच्या आणि दोरीच्या मध्ये उभा राहिला. "इनबाई, आमी हुंडा घेत नाही. पन आज एक मांगतो. हे पातळ धुऊ नका. पोरीले असंच नेसवा. उद्या वावराच्या कडेले, धुऱ्यावर टांगतो मी ते."

निवलेला चहा पुन्हा चुलीवर चढला.

पाखरं झटकून पायल तेच पातळ नेसली. विहारात वंदना झाली, लग्न लागलं, जेवणं उरकली. निघायच्या वेळी मात्र कौसल्याचा बांध फुटला. लेकीच्या खांद्यात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली आणि एकदम चटका बसल्यासारखी मागे सरली.

"पातळ भिजन ना तुयं," ती डोळे पुसत म्हणाली.

गाडीचं दार धरून उकंडा उभा होता. "भिजू द्या, इनबाई," तो म्हणाला. "तेवढ्यानं वास जात नाही."