साडेदहाची बाई

दार वाजलं तेव्हा तिच्या एका हातात कंगवा होता आणि कडेवर दहा महिन्यांचं बाळ. सहा वर्षांची थोरली हॉटेलच्या पलंगावरून सोफ्यावर आणि सोफ्यावरून पलंगावर उड्या मारत होती. घरात तिला सगळे तुफान म्हणत.

"तुफान, पुरे! आल्या बघ सांभाळणाऱ्या बाई."

रिसेप्शनवरच्या मुलीने साडेदहाला बाई पाठवते म्हणून सांगितलं होतं. आता दहा पंचवीस झाले होते. वेळेआधी येणारी माणसं तिला आवडत.

दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. चापूनचोपून बांधलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा.

"अहो, जरा..."

"या, या! देवासारख्या आलात." तिने बाळ सरळ बाईंच्या हातात दिलं. "दूध बाटलीत आहे, बाराला द्या. झोपताना ही कान धरते. स्वतःचा नाही, घेणाऱ्याचा. थोरलीला भूक लागली की ती भांडायला लागते, बिस्किटं कपाटात आहेत. मी दोनपर्यंत येते."

"पण मी..."

"काही लागलं तर खाली फोन करा. मला उशीर होतोय हो, मुलाखत आहे."

बाळाने बाईंचा चष्मा ओढला, पण रडलं नाही. तिला तेवढं पुरे होतं. ती लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच खाली पळाली.

खरं तर नवरा सोबत यायचा होता. ऐनवेळी त्याची सुट्टी रद्द झाली आणि दोन पोरींना घेऊन तिला एकटीलाच परक्या शहरात यावं लागलं. पण ही संधी सोडण्यासारखी नव्हती. निवासी शाळेच्या वसतिगृहाची अधीक्षक. राहायला घर, पोरींना तिथेच शाळा. बाळंतपणानंतर घरी बसल्यापासून आलेलं हे पहिलंच बोलावणं होतं.

शाळेच्या ऑफिसात तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि ती पाठ ताठ करून बसली. साडेअकरा वाजले. बारा वाजले. साडेबाराला एक कारकून बाहेर आला.

"मुलाखत घ्यायला बाहेरगावाहून आलेल्या मॅडमचा निरोप आलाय. आज त्यांना यायला जमत नाही."

"अहो, मी गाडीने रात्रभर प्रवास करून आलेय. दोन लेकरं आहेत बरोबर."

"मी काय करू, ताई? मॅडमनी कळवलं, मी तुम्हाला कळवलं. पुढचं पत्राने कळेल."

पुढचं पत्राने कळेल म्हणजे काय, हे न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती. टॅक्सीत तिने दोनदा डोळे पुसले. फोन सुरू करायचंही तिला सुचलं नाही.

हॉटेलच्या रिसेप्शनसमोर निळा एप्रन घातलेली एक तरुणी बसली होती. तिला बघताच ती उठली.

"तुम्हीच ना दोनशे चौदाच्या? अहो, मी साडेदहापासून इथे बसलेय."

"का? तुम्ही कोण?"

"तुमच्या पोरींना सांभाळायला मीच यायची होते."

"काहीतरी घोळ होतोय तुमचा. बाई केव्हाच आल्या. मी स्वतः बाळ त्यांच्या हातात देऊन गेले."

रिसेप्शनवरची मुलगी आणि तरुणी एकमेकींकडे बघू लागल्या.

"आमच्याकडून दुसरं कुणी गेलं नाही, मॅडम," मुलगी हळूच म्हणाली. "तुम्हाला किती फोन केले, बंद लागत होता."

"मी वर गेले होते," तरुणी म्हणाली. "आत एक बाई होत्या. त्यांनी मला उंबऱ्यावरच अडवलं. ओळखपत्र मागितलं, ते नेमकं घरी राहिलं होतं. इथून फोन करून सांगितलं तरी ऐकेनात. म्हणाल्या, फोनवर कुणीही काहीही सांगेल. आई आल्याशिवाय पोरी कुणाच्या ताब्यात देणार नाही."

मग ती बाई कोण? तिचं नाव काय? तिला त्या बाईचा चेहराही नीट आठवेना. चष्मा होता, एवढंच.

ती धापा टाकत वर पोचली. किल्ली लावली. दार चार बोटं उघडलं आणि आतल्या साखळीला अडलं.

"कोण?" आतून शांत आवाज आला.

"मी आई! दार उघडा आधी!"

"थांबा. तुफान, इकडे ये. फटीतून बघ, ही तुझी आई का?"

फटीत एक डोळा आला. "हो, तीच आहे. पण रडून आल्यासारखी दिसतेय."

साखळी निघाली. बाळ त्या बाईंच्या खांद्यावर झोपलं होतं, बाईंचा कान मुठीत धरून. तिने बाळ हिसकावूनच घेतलं, तुफानला पोटाशी ओढलं आणि मग ती ओरडली.

"तुम्ही आहात तरी कोण? माझ्या खोलीत कशाला आलात?"

"मी शेजारच्या खोलीत उतरलेय. उड्यांचा आवाज फार येत होता, एवढंच सांगायला आले होते." बाईंनी कान चोळला. "तुम्ही बोलूच दिलं नाहीत. बाळ हातात दिलंत आणि गेलात."

तिचा राग जागच्या जागी विरला. "मग तुम्ही... इतका वेळ? तुमचं काही काम असेल ना?"

"होतं. पण या दोघींना टाकून कशी जाणार? निरोप पाठवून दिला, आज जमत नाही म्हणून."

बाईंनी टेबलाजवळची खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि स्वतः समोर बसून चष्मा नीट केला.

"बसा. कुठल्या मुलाखतीला गेलात ते तुफानने सांगितलं मला. उशीर झालाय, पण सुरुवात करू. वसतिगृहाच्या दारात एखादी अनोळखी बाई आली, तर मूल तिच्या हातात देण्याआधी तुम्ही तिला काय विचाराल?"