परक्या हातचं काडतूस

“हाही नको,” हॅल्वर म्हणाला आणि त्याने तिसरा प्रेस काउंटरवरून मागे सरकवला.

दुकानदार लाइलने कपाळाला हात लावला. घरी काडतुसं भरायचा साधा प्रेस. एक दांडा, एका ओढीला एक काम. त्यात निवडायचं ते काय? पण सकाळपासून त्याच्या बंदुकांच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला बसल्यासारखा थाट चालला होता. कॉफीची दुसरी किटली चढली होती. शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता, आणि हॅल्वरचा जुनापुराणा प्रेस मंगळवारी मोडला होता.

त्याला गेलेली चीर आधी दिसली ती सुनेला. मार्नी जेवायला बोलवायला गॅरेजमध्ये गेली आणि दारातूनच ओरडली, “थांबा हॅल्वर, ते तडकलंय!”

“तुला काय कळतंय त्यातलं?” म्हातारा गुरकावला आणि त्याने दांडा ओढला. दांडा हातात आला आणि प्रेसचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून त्याने तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. आज मात्र निघताना “चल, गाडीत बस,” म्हणाला, आणि मार्नी कोटाची बटणं न लावताच पळाली.

तिला त्याला एकच गोष्ट विचारायची होती. नवा प्रेस आला की मलाही शेजारी बसू द्या, काडतुसं भरायला शिकवा. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासऱ्याबरोबर डोंगरात जायची ती तीच. तिचा नवरा कर्ट रक्त पाहिलं की पांढराफटक पडायचा. तरी तिच्या बंदुकीत काडतुसं असायची ती विकतची. हॅल्वर आपली काडतुसं कोणाला देत नसे आणि कोणाची घेत नसे. काडतुसात दारू थोडी जास्त पडली तर बंदूक तोंडावर फुटते, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सख्ख्या भावाने नाताळात दिलेला काडतुसांचा डबा हॅल्वरने फळीवर तसाच ठेवला होता. भाऊ घरी येणार असला की त्यावरची धूळ तेवढी पुसायचा. भावाची ही गत, तिथे सुनेला कोण विचारतो, असं मार्नीला वाटे आणि शब्द ओठांवर येऊन थांबत.

म्हाताऱ्याचा म्हणे खांदा धरला होता. म्हणून प्रत्येक प्रेस ओढून बघायचं काम मार्नीकडे आलं होतं, आणि तिला तर तेच हवं होतं. पहिल्याचा दांडा धरायला तिला टाचा उचलाव्या लागल्या. “उंच आहे,” हॅल्वर म्हणाला. दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला हा उंच कसा पडतो, ते लाइलला कळेना. दुसऱ्याची मूठ म्हणे जाड होती. हॅल्वरच्या फावड्याएवढ्या पंजाकडे बघत लाइलने तोही उचलून ठेवला. तिसरा अॅल्युमिनियमचा निघाला.

“याच्यात काय खोट काढलीस आता?” लाइलने विचारलं.

“हलका आहे. चार वर्षांत ढिला पडेल. मला चाळीस वर्षं टिकणारा हवा.”

“चाळीस? पुढच्या महिन्यात पंचाहत्तरीचा केक कापणार आहेस तू! त्यापेक्षा हे फिरतं यंत्र घे की. तासाला शेकड्यांनी भरशील.”

“मला काय लढाईवर जायचंय? हंगामाला वीस पुरतात. एका वेळी एकच काम केलं की चूक तिथल्या तिथे दिसते.”

लाइल पुटपुटत मागे गेला आणि चौथा प्रेस दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला. बिडाचा, ठेंगणा, चांगला वजनदार. काउंटरला आवळून बसवल्यावर मार्नीने दांडा ओढला. लोण्यात सुरी जावी तसा तो खाली आला. कुठे कचकच नाही, डुगडुग नाही. तिने पुन्हा ओढला. मग उगाचच आणखी एकदा.

“हाच!” ती किंचाळलीच. “हॅल्वर, हाच घ्या! ओढून तरी बघा! काय सुरेख चाललाय!”

मग आपण कोणाच्या खरेदीत एवढं नाचतोय हे ध्यानात येऊन ती ओशाळली. हॅल्वरने प्रेसला बोटही लावलं नाही. तो तिच्याकडेच बघत होता.

“हाच बांध,” तो लाइलला म्हणाला.

आता नाही तर कधीच नाही. मार्नीने श्वास घेतला. “हॅल्वर, मला तुम्हाला एक विचारायचं होतं...”

“थांब जरा. लाइल, दांडा काढ आणि डाव्या बाजूला बसव.”

“डाव्या?” लाइल खो खो हसला. “जन्मभर उजव्या हाताने ओढलंस. या वयात डावखुरा झालास होय रे?”

मार्नीच्या डाव्या हातातली कॉफी हिंदकळून काउंटरवर सांडली. दुकानात डावखुरं माणूस एकच होतं.

“तुम्ही... मला शिकवणार?”

“मग काय लाइल शिकवणार? त्याला स्वतःचे बूट बांधता येत नाहीत. मी शेजारी बसेन. दांडा तू ओढायचास.”

“म्हणजे शनिवारी माझी काडतुसं मी स्वतः भरलेली?” तिला हसावं की रडावं ते कळेना. “अगदी खरं? माझी मी?”

“तुझी मागाहून भर,” हॅल्वर म्हणाला. “आधी माझी.”