गळलेले नंबर

“खोटं बोला असं मी म्हणतच नाही,” मॅनेजर तिच्या कानाशी कुजबुजला. “खरं आहे तेवढंच सांगा. नंबर आपोआप गळतात. बस्स, विषय संपला.”

कारखान्याच्या जेवणघरात चौकशी भरली होती. टेबलाशी बाहेरून आलेल्या चौकशी अधिकारी बाई, शेजारी मॅनेजर, आणि कडेला कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारी ती. कामगार बायका तिला कॉम्प्युटरताई म्हणत. समोरच्या बाकांवर त्या साऱ्या बसल्या होत्या, मागे दोनचार पुरुष कामगार. सगळ्यांच्या पुढे इस्त्रीवाली मावशी, उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत.

वाफेच्या इस्त्रीची नळी निसटली होती आणि वाफ मावशीच्या हातावर आली होती. मॅनेजरचं म्हणणं, नळी ठणठणीत होती, मावशीनेच निष्काळजीपणा केला. तसं ठरलं की मावशीची नोकरी गेलीच. नळी सैल आहे अशी तक्रार आधी कुणी केलेली असेल, तरच ती वाचणार होती.

तक्रारीचं यंत्र जिन्याखाली होतं. ते नाव विचारत नसे. तक्रार लिहायची, बटण दाबायचं, पडद्यावर नंबर यायचा. नंबर यंत्रच द्यायचं, ओळीने, एकामागून एक. पण मॅनेजरने छापून आणलेल्या यादीत इस्त्रीबद्दल चकार शब्द नव्हता. मधले काही नंबर मात्र नव्हतेच.

“हे नंबर गेले कुठे?” बाईंनी यादी हातात धरून विचारलं.

“त्या सांगतील ना,” मॅनेजर गोड हसला. “यंत्र त्यांनीच बसवलंय.”

तिने सांगितलं. तक्रार साठवायला घेतली की यंत्र आधी नंबर काढून ठेवतं. तेवढ्यात वीज गेली, तक्रार साठली नाही, तर तो नंबर वाया जातो. यंत्र तो परत कुणाला देत नाही, पुढचा देतं. अशा फटी पडतातच.

मॅनेजरने आरामात खुर्चीला पाठ टेकली. मावशी तिच्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे, नुसतीच. कॉम्प्युटरताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोललेला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्याच खऱ्याने मावशीचा गळा कापला जात होता.

“म्हणजे तक्रार आलीच नव्हती,” असं म्हणत बाई लिहायला लागल्या.

“थांबा. माझं बोलणं संपलेलं नाही.”

टेबलाखाली मॅनेजरचा बूट तिच्या पायाला लागला. तिने पाय मागे घेतला नाही.

“तक्रार साठल्याशिवाय नंबर पडद्यावर येत नाही,” ती म्हणाली. “वीज जाऊन वाया गेलेला नंबर कुणीही बघितलेला नसतो. पण एखादा नंबर कुणी पडद्यावर वाचला, आणि आज तो यादीत नाही, तर ती तक्रार साठली होती. नंतर कुणीतरी हाताने पुसली.”

“काहीतरीच काय!” मॅनेजर उसळला. “तक्रारी निनावी आहेत. आता कोण येऊन सांगणार, हा नंबर माझा म्हणून?”

“विचारून बघू की. यादी बाईंच्या हातात आहे, या बायकांनी ती पाहिलेली नाही. ज्यांनी तक्रार केली त्यांनी आपापला नंबर सांगावा.”

जिन्याखाली गुपचूप बटण दाबणं वेगळं आणि मॅनेजरच्या डोळ्यांदेखत उभं राहणं वेगळं. ज्याच्या त्याच्या घरी चूल होती. ती बाकांकडे बघत राहिली. आता कुणी उठलं नाही तर मावशीही बुडणार होती आणि तीही.

मग काजवाली उठली, काज करायच्या मशीनवरची, जिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

“एकशे अकरा,” ती म्हणाली. “लिहिलं होतं, इस्त्रीची नळी सैल झालीय, कुणाला तरी भाजेल. घ्या, भाजलं.”

बाईंचं बोट यादीवरून खाली सरकलं. एकशे दहा. एकशे बारा. बोट थांबलं.

“एकशे सतरा!” बटणवाली बसल्या जागेवरूनच ओरडली आणि मग उभी राहिली. “माझी पण नळीचीच.”

मागून म्हातारे कटिंगमास्तर खाकरले. “एकशे वीस. साहेब, काढायचं तर खुशाल काढा. गुडघ्यांनी मला कधीच रजा दिलीय.”

बायका खदखदून हसल्या. भीती कुठल्या कुठे पळाली. बाईंनी दोन्ही नंबर यादीत शोधले. दोन्ही नव्हते. त्यांनी आपला कागद फाडला आणि नवीन घेतला. मावशी डाव्या हाताने डोळे पुसत होती.

मॅनेजरचा चेहरा लालबुंद झाला. तो कॉम्प्युटरताईवरच घसरला.

“ही सगळी हिची शिकवणी आहे! हिनेच पढवलंय यांना!” तो बाईंना म्हणाला आणि तिच्याकडे वळला. “तक्रारी पुसल्या जातात हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग आजवर तोंड का शिवून बसला होतात? तेव्हाच का नाही बोललात?”

बाईंनीही मान वर केली. प्रश्न रास्त होता. सगळं जेवणघर तिच्याकडे बघायला लागलं. ती खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून बाकांच्या बाजूला गेली आणि मावशीशेजारी उभी राहिली.

“बोलले होते,” ती म्हणाली. “एकशे चोवीस. इथे तक्रारी पुसल्या जातात, अशी तक्रार.”