अडलेली नाव

दोन्ही खुंट्या महिपतने तळहातावर घेतल्या. एक कोरी, पांढऱ्या चिनी मातीची, शेठने मुंबईहून मागवलेली. दुसरी काजळीने काळी पडलेली आणि टोकाशी झिजलेली. साहेब लोक तिला प्लग म्हणत, खाडीत तिचं नाव खुंटी. ती इंजिनाच्या डोक्यात बसवायची, बॅटरीची तार जोडायची, की आत ठिणगी उडते आणि घासलेट पेटतं. ठिणगी चांगली असली तर शेठची ही छोटी विलायती नाव मिठाची पोती घेऊन ठाण्याहून कल्याणला सुतासारखी सरळ जायची. ठिणगी वाईट असली तर वाटेत कुठेतरी खोकत खोकत बंद पडायची. महिपतला ती वाटेत बंद पाडायचीच होती, आणि तीही कोपर गावासमोर.

कोपर त्याच्या बायकोचं माहेर. गोदू पहिल्या बाळंतपणाला तिकडे गेली, मुलगा झाला, आणि बारशाचं आमंत्रण तिच्या बापाने स्वतः न येता कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडी धाडलं. महिपतचा बाप धोंडीबा, जन्मभर खाडीत शिडाची नाव हाकलेला माणूस, एवढ्यावरून फुगून बसला. व्याही राघोही काही कमी नव्हता. राघो म्हणे, सून हवी तर येऊन घेऊन जा. धोंडीबा म्हणे, आधी आमंत्रण घेऊन या. मग धोंडीबाने चारचौघांत शपथ घेतली, की आपल्या मर्जीने त्या गावच्या मातीला मी पाय लावणार नाही, आणि माझा मुलगाही लावणार नाही. दोन म्हाताऱ्यांच्या मानपानात पोर रांगायला लागलं.

हे रांगणंही महिपतला लोकांकडून कळलं. दर फेरीला गोदू कोपरच्या काठावर उंडीच्या झाडाखाली उभी असे. नाव दिसली की ती मुलाला दोन्ही हातांनी वर धरी. पण नाव तिथे थांबत नसे, आणि काठ लांब. मुलाचं तोंड काही दिसायचं नाही. नाक कुणावर गेलंय एवढं बघायला महिपतचा जीव तुटायचा. घरी जेवायला बसला तरी घास हातातच राहायचा.

खाडीत एक रिवाज होता. नाव अडली, तर समोरच्या गावाने नावेतल्या माणसांना घरी न्यायचं आणि जेवू घालायचं, मग ती वैऱ्याची का असेनात. तिथे आमंत्रण लागत नाही आणि शपथही मोडत नाही. महिपतने सगळं योजून ठेवलं होतं. काळी खुंटी बसवायची आणि घासलेटात थोडं करंजेल मिसळायचं. करंजेलाने इतकी काजळी धरते, की इंजिन अर्ध्या वाटेवर हात टेकतं.

तो काळी खुंटी बसवणार, तोच धक्क्यावर धोंडीबा येऊन उभा राहिला. या नावेकडे तो कधी फिरकला नव्हता. कल्याणच्या बाजारातून जाळ्यासाठी सूत आणायचंय, म्हणाला. आगगाडीत जीव घाबरतो, असंही पुटपुटला. काखेत एक गाठोडं होतं. महिपतने धरायला हात पुढे केला, पण त्याने ते दिलं नाही.

महिपत अडकला. बाप नावेत असताना ती मुद्दाम अडवायची, तीही व्याह्याच्या दारात, म्हणजे म्हाताऱ्याला फसवून खाली मान घालायला लावायचं. ते त्याच्याने होईना. त्याने काळी खुंटी कमरेला खोचली आणि कोरी बसवली. करंजेलाची बाटली बाजूला सारली. तेल लख्ख जळावं म्हणून घासलेटात कापराची वडी कुस्करून टाकली. आजही पोराचं तोंड दिसायचं नाही, असं मनाशी म्हणत त्याने चाक फिरवलं.

इंजिन इतकं गोड चाललं, की महिपतला त्याचा राग आला. धोंडीबा तेलाच्या टाकीला पाठ लावून बसला होता. बसल्या जागेवरून त्याने सगळ्याला नावं ठेवली. वास येतो म्हणाला, शिडाची सर नाही म्हणाला. ही तार कशाला, ती तोटी कशाला, हे चाक कशाला, असं विचारून मुलाला भंडावून सोडलं. महिपत सांगत गेला, पण त्याचं लक्ष पुढच्या वळणाकडे होतं.

नाव वळली आणि उंडीचं झाड दिसलं. झाडाखाली गोदू होती. तिने मुलाला वर धरलं. महिपतने मान खाली घातली. बापासमोर बायकोकडे बघायची रीत नव्हती, आणि बघितलं असतं तर त्याला रडू आलं असतं.

तेवढ्यात इंजिन मंदावलं. ते खोकलं नाही, त्याने धूरही सोडला नाही. तेल संपलेल्या समईसारखं हळूहळू निवत गेलं आणि थांबलं. भरतीचं पाणी नावेला काठाकडे नेऊ लागलं.

महिपतने खुंटी काढून पाहिली. पांढरीशुभ्र होती. तार ओढून पाहिली, घट्ट होती. टाकीचं झाकण उघडून हुंगलं, तर कापराचा वास आला. त्याला काही उमगेना. काठावरून राघोने काय झालं म्हणून विचारलं. रिवाजाप्रमाणे तो गुडघाभर चिखलात उतरून दोर धरायला पुढे आला होता.

"नाव अडली, राघोबा," धोंडीबा म्हणाला. "आता उतरल्याबिगर इलाज नाय."

आणि महिपतने काही सांगायच्या आत तो धोतर खोचून उभाही राहिला. गाठोडं त्याने छातीशी धरलं होतं. त्यातून लहान मुलाच्या लाल कुंचीची झालर बाहेर डोकावत होती. म्हातारा उठला तसा त्याच्या पाठीमागचा टाकीचा भाग मोकळा झाला. तिथली, इंजिनाला तेल सोडणारी पितळी तोटी पार घट्ट बंद केलेली होती.

महिपतने ती पाहिली. तोटी त्याने तशीच राहू दिली. कमरेची काळी खुंटी काढली आणि सासऱ्याला नीट दिसेल अशी वर धरली.

"खुंटी जळली, मामा," तो म्हणाला. "आज काय नाव हलत नाय."