काकांच्या गालातले छर्रे

डब्यावर पाचशे लिहिलं होतं. आत एअर रायफलचे चारशे सत्त्याण्णव छर्रे होते. सव्वीस छर्र्यांच्या कडा चेपलेल्या, नऊंच्या पोटात शिशाचा कीस अडकलेला. उरले चारशे बासष्ट. त्यांतले बरोबर पाचशे तीस मिलिग्रॅम भरणारे दोनशे बारा. ते तिने हिरव्या डबीत घातले आणि डबीवर तारीख टाकली.

खोलीची खिडकी बंद होती. जरा वारा आला तरी वजनकाट्याचा शेवटचा आकडा नाचायचा. छर्रे चाळणीत हलवले की खाली करडी पूड पडे. ती पूड ती फुंकरीने उडवायची, मग एकेक छर्रा चिमटीत धरून त्याची कड चाचपायची. हातमोजे घातले तर कड कळत नाही, म्हणून उघड्या बोटांनी. शेजारी चहा, बशीत टोस्ट. रोज दोन तास, गेले पाच महिने.

"काय गं मिलिग्रॅम, खिडकी उघड की! भट्टी झालीय नुसती," काका दारातून म्हणाले.

"काटा हलतो, काका."

"काट्याला हलू दे. तू हलू नकोस म्हणजे झालं."

म्हणजे त्यांच्याही लक्षात आलं होतं. पाच महिन्यांपूर्वी दहा मीटरवरून तिचे दहाही छर्रे सहा मिलिमीटरच्या एका भोकात जायचे. आता ते भोक अकरा मिलिमीटरचं झालं होतं. तिने रायफल वाइसच्या लोखंडी शिकंज्यात आवळून तेच छर्रे मारून पाहिले: सहा. रायफल चोख, छर्रे चोख. मग राहिलं एकच. रेंजवर तिच्या शेजारी उभे राहणारे काका.

निवड चाचणीला अठरा दिवस होते. ही संधी हुकली की वयोगट संपत होता.

रेंजवर काकांचा कार्यक्रम ठरलेला. खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डबीतून पाच छर्रे काढायचे आणि शेंगदाण्यासारखे तोंडात टाकायचे. एक झाडला की जीभ दुसरा ओठांवर आणून ठेवी. दोन बोटांनी तो उचलताना लाळेची तार लांबायची, तुटायची आणि हनुवटीवर चिकटायची. ओला छर्रा नळीत जाई. बोटं विजारीला पुसली जात. बाकावर वाळलेले, चिकट ठिपके.

तिच्या पोटात ढवळून यायचं. तोंडात गोडसर, धातूसारखी चव दाटायची. अलीकडे जेवायला बसलं तरी तीच तार डोळ्यांपुढे यायची आणि घास ताटात परत जायचा. पोटात पीळ पडायचा. किळस आली की असंच होतं, असं ती स्वतःला सांगायची.

"काका, विष असतं हो शिसं."

"माझे मला मानवतात." गालात छर्रे खुळखुळले. "हात मोकळे राहतात गं."

"लहानपणी याच हातांनी मला छर्रा भरून द्यायचात तुम्ही. आठवलं तरी अंगावर काटा येतो."

"तेव्हा तू नेम धरायचीस. मोजत नव्हतीस."

त्यांचा एक छर्रा खाली पडला. तिने तो कागदात धरून उचलला आणि घरी काट्यावर टाकला. तीनशे अठ्ठेचाळीस. मग साबणाने तीनदा हात धुतले. स्वतःच्या छर्र्यांनंतर तिला कधी हात धुवावेसे वाटले नव्हते. ते स्वच्छ होते.

"तीनशे अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम!" दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "हा काय कचरा वापरता? पोकळ आहेत नुसते. आणि थुंकीने चकाकतात वर."

"असतील बुवा," काका म्हणाले आणि झाडले. त्यांचं भोक सात मिलिमीटर भरलं.

त्याच दुपारी तिने क्लबच्या चिटणीसबाईंना पत्र दिलं. एक सभासद तोंडात शिसं घोळवतो, त्याची लाळ बाकावर पडते, शेजारी उभं राहणं अशक्य होतं; त्याला रेंजबंदी करावी.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "रक्त तपासावं लागेल. दर शंभर मिलिलिटरला तीस मायक्रोग्रॅमच्या वर शिसं निघालं, तर सहा महिने रेंजबंदी. कोणीही असो."

"मग करा ना लवकर."

"दोघांचंही. नियम तसा आहे. तक्रार करणाऱ्याचंही."

"माझं कशाला?"

दारातून ऐकणारे काका आत आले आणि त्यांनी बाही वर सरकवली.

निवड चाचणीच्या चार दिवस आधी रक्ताच्या अहवालांची दोन पाकिटं आली. बाईंच्या ऑफिसात काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. ती त्यांच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली. काकांच्या गालाला आजही फुगवटा होता. बघून तिला उमासा आला. तिने तो गिळला.

बाईंनी पहिलं पाकीट फोडलं. "काकांचं, दोन."

"चुकलंय काहीतरी," ती म्हणाली. "तोंडात शिसं घेऊन दोन? परत मोजायला सांगा."

"शिसं कुठलं?" काकांनी एक छर्रा तळहातावर काढला. "कथील आहे हे, शिशाहून हलकं. शिसं सोडून बारा वर्षं झाली मला. डॉक्टरांनी झापलं, तरी ही घाणेरडी खोड काही सुटेना. मग छर्रेच बदलले."

"मला बोलला का नाहीत?"

"तू वजन केलंस की! म्हटलं, कळलं असेल."

तिने खुर्चीचा हात धरला. बोटं थरथरत होती. बाईंनी दुसरं पाकीट फोडलं, चष्मा लावून मनात वाचलं, आणि कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

शिसं, दर शंभर मिलिलिटर रक्तात: एकसष्ट मायक्रोग्रॅम.