तांब्याभर पाणी

नवऱ्याच्या गावाला निघालेला वरातीचा ट्रक माळावर आचके देत बंद पडला.

केबिनमध्ये अनसूया मांडीवरचा रिकामा तांब्या घट्ट धरून बसली. निघताना नवरीनं चाकावर कुंकवाचं पाणी घालायची रीत होती. तिनं निम्मं चाकावर घातलं आणि कुणाचं लक्ष नाही बघून उरलेलं डिझेलच्या टाकीत ओतलं होतं.

ड्रायव्हरनं खाली उतरून फिल्टरचा नट सैल केला. खाली धरलेल्या बाटलीत पाणी उतरलं, लालसर.

“गंज का रं?” सासऱ्यानं विचारलं.

उघड्या दारातून ड्रायव्हरची नजर तांब्यावर गेली. “गंजच,” तो म्हणाला.

अनसूयेला वाटलं, सुटले.

पाणी फेकून, फिल्टरातली हवा काढून तो शेजारी चढून बसला.

“पोरी, तांब्याभर पाण्यानं गाडी नुसती अडते,” किल्ली फिरवत तो हळूच म्हणाला. “माघारी नाही फिरत.”