टबाची पारख

"मावशी, बाळाच्या अंघोळीचा टब तुम्हीच निवडा," म्हणून केतकी मला दुकानात घेऊन आली. तीस वर्षं लोकांची बाळं मी पाय पसरून, नडग्यांवर घेऊन न्हाऊ घातली, आणि आता माझी सवत मीच पसंत करायची!

पहिल्या टबाचा काठ धारदार निघाला. दुसरा दाबल्यावर वाकला. तिसऱ्याचा तळ गुळगुळीत होता. "साबण लागला की ह्यात पोर सटकलंच म्हणून समज," मी म्हणाले. एकेक खोट सांगताना जिवाला गार वाटत होतं.

मग दुकानदाराने चौथा काढला. तळाला रबर, पाठीला उतार, काठ गोल. मी दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला, तरी ढिम्म हलला नाही मेला.

"ह्यात काय खोट?" केतकीनं विचारलं. मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं ते खरं मानलं असतं. पण परवाच न्हाऊ घालताना माझे गुडघे लटपटले आणि बाळ बोटभर घसरलं होतं. तिला कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

"हाच घे," मी म्हणाले. "पाणी चार बोटंच घालायचं. आणि मानेखालचा हात फोन वाजला तरी काढायचा नाही."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे उद्यापासून तुम्ही येणार नाही?"

"का नाही येणार? त्याला तेल कोण चोळणार, हा टब?"